सासऱ्यांचा दम

आमच्या सासऱ्यांइतका दम अख्ख्या जुन्नर तालुक्यात कुणाला नव्हता, आणि हे ऐकवण्यातच ते त्यातला निम्मा खर्च करीत. तरुणपणी त्यांनी डिंगोरे गावातले हुतूतूचे मैदान गाजवले ते ठीक. पण नातवंडे झाल्यावरही ते विहिरीपासून घरापर्यंत भरली घागर एका दमात आणीत. आरतीही एका श्वासात उरकत. मी चावडीचा जिना चढून धापा टाकू लागलो की म्हणत, "पावणं, ह्यो दम हाय का फुटका भाता?"

अशा माणसाला अंतर्गळ झाला, आतडे जांघेत उतरले. जुन्नरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म देऊन शस्त्रक्रिया करायचे ठरवले. सुरीचे त्यांना काही वाटले नाही, पण भुलेत श्वास उथळ होतो हे ऐकून तोंडच उतरले. "म्हंजी दम तुटनार. दुसऱ्याच्या हद्दीत दम तुटला की गडी मेला!" हुतूतूचा कायदा त्यांना सरकारी कायद्याहून मोठा. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला तेव्हा कुठे ते तयार झाले.

नाकाशी औषधाचा रुमाल येताच डॉक्टर म्हणाले, "आकडे मोजा." यांनी छाती भरून सुरू केले, "हुतूतूतूतू..." श्वास नुसता बाहेर जातोय, औषधाला आत शिरायला वाटच नाही! डॉक्टर घायकुतीला आले, "अहो बाबा, श्वास घ्या!" शेवटी मी दारातून ओरडलो, "मामा, सोडा दम! आपल्या भिडूनं त्यांचा गडी मारला की मेलेला उठतोच ना?"

"आपला भिडू कोन हितं?"

"डॉक्टरसाहेब!"

त्यांनी डॉक्टरांना नीट न्याहाळले आणि मग श्वास घेतला.

शुद्धीवर आल्यावर पहिला शब्द निघाला, "हुतू—" आणि पुढे खोकला. एवढाच दम उरलेला पाहून ते मुलासारखे रडले. डॉक्टर म्हणाले, "भुलेनं अन् पडून राहण्यानं फुप्फुसांचा खालचा भाग मिटतो. टेकून बसा, खोल श्वास घ्या. उघडेल." झाले! टाक्यांवर हात दाबून सकाळ-संध्याकाळ हुतूतू. शेजारच्या खाटेवर जुन्नरचे एक म्हातारे कागद बनवणारे मियाँ होते. ते दाद देत, "आज लई लांब गेला, राव!"

घरी आल्यावर महिना-दीड महिन्याने ते विहिरीवर गेले आणि रिकाम्या हातांनी हुतूतू म्हणत निघाले. सासूबाई दारात उभ्या. ते उंबऱ्याला टेकले तेव्हा दोघांनी एकदमच दम सोडला.

आता ते नाहीत. चावडीचा जिना मला अजून जड जातो. मध्ये थांबतो, कुणी बघत नाही ना पाहतो आणि हळूच हुतूतू म्हणत चढू लागतो. काल वरच्या पायरीपर्यंत पोचलो. सांगावेसे वाटले, मामा, भाता शिवला.