बिनक्लचच्या गाडीतून साखरपुड्याला

आमची गाडी चालवायला चार माणसं लागतात. एक स्टिअरिंग धरायला, एक शेजारी बसून ओरडायला, एक मागं बसून देवाचं नाव घ्यायला आणि एक गप्प बसायला. स्टिअरिंग आमच्या यांच्याकडे, ओरडणं भासऱ्यांकडे, देव जाऊबाईंकडे. चौथं काम माझं. ते मी लग्न झाल्यापासून एकवीस वर्षं बिनचूक केलं.

भासरे म्हणजे यांचे थोरले भाऊ. आमच्याकडे धाकटी सून भासऱ्यांशी थेट बोलत नाही. कुणी तशी बंदी घातलेली नाही. पण मी मुळातच अशी, की भाजीवाल्याला "कोथिंबीर घाल" म्हणायचं तरी मला दोन दिवस आधीपासून तयारी करावी लागते! त्यामुळे आमच्यात सगळं वळसा घालून चालायचं. मी समोर वाढत असले तरी भासरे आमच्या यांना म्हणणार, "तिले विचार, भाजीत मीठ टाकलं काय?" मी जाऊबाईंच्या कानात सांगणार, "टाकलं." जाऊबाई मोठ्यानं सांगणार, "टाकलं म्हणते!" तोवर भासऱ्यांचा हात धुऊन झालेला असायचा.

गाडी भासऱ्यांनी नागपूरच्या एका साहेबाकडून जुनी घेतली. ऑटोमॅटिक. म्हणजे हिला क्लच नाही, गिअर आपले आप पडतात. अख्ख्या कारंज्यात अशी गाडी आमचीच, असं भासरे सांगायचे. (आणखी दोन आहेत. पण बोलणार कोण!) यांनी जन्मभर दुकानाचा टेम्पो चालवलेला. पहिले आठ दिवस यांचा डावा पाय क्लच शोधत गाडीभर फिरला.

त्या दिवशी अमरावतीला पुतण्याचा, पंकजचा, साखरपुडा होता. तीन वर्षं आम्ही मुली बघत होतो. पोरगा चांगला, दुकान चांगलं, पण मुलींना पुण्याचा नोकरीवाला पाहिजे. सतरा घरांतून नकार आल्यावर अठराव्या घरी होकार मिळाला. मुलीचे मामा रिटायर हेडमास्तर. "बाराचा मुहूर्त म्हणजे बारा!" असं त्यांनी तीनदा फोन करून बजावलं होतं. पंकज मित्रांबरोबर आदल्या दिवशीच गेला होता. अंगठी आणि शालू मात्र जाऊबाईंच्या मांडीवर. म्हणजे आम्ही पोचलो नाही तर नवरा तिथं, नवरी तिथं, आणि बोटात घालायला काही नाही!

कारंजा सोडून हायवेला लागलो. ऐंशीच्या पुढं गेलो आणि गाडी एकदम ओरडायला लागली. आवाज शंभरचा, वेग मात्र कमी कमी होत चाललेला!

"काऊन रे, हळू काऊन केली?" भासरे म्हणाले.

"म्या नाई केली, दादा. पाय दाबून राह्यलो, तं नुसती बोंबलून राह्यली!"

"मंग अजून दाब!"

यांनी दाबलं. गाडी आणखी ओरडली आणि आणखी हळू झाली. मागून संत्र्यांचा ट्रक गेला. मग एसटी गेली. मग एक ट्रॅक्टर गेला, आणि ट्रॉलीतल्या बायकांनी आम्हाला हात हलवून टाटा केलं!

"वजन जास्त झालं मागं," भासऱ्यांनी निदान केलं.

"कोणाचं वजन?" जाऊबाईंनी विचारलं.

भासऱ्यांनी मागं वळून डिकीकडे बोट दाखवलं.

"लाडवाच्या डब्ब्याचं म्हणून राह्यलो मी," भासरे घाईघाईनं म्हणाले.

मग एसी बंद केला. मग काचा खाली केल्या, मग काचा वर केल्या. शेवटी जाऊबाई म्हणाल्या, "नजर लागली हाय. सतरा घरच्यायची लागली." त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि नवरीच्या ओटीसाठी आणलेला नारळ ओवाळून चाकापुढं फोडला! "अवो, तो ओटीचा नारळ व्हय!" हे ओरडले. "अमरावतीत का नारळाचा दुकाळ हाय?" जाऊबाई म्हणाल्या.

आणि गाडी चालली की! चांगली दोन-तीन किलोमीटर सुतासारखी पळाली. जाऊबाईंनी मान ताठ केली, भासऱ्यांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. पुन्हा ऐंशी, आणि पुन्हा तेच! आता तर गाडी ओरडायची, मध्येच मागून कुणी ओढल्यासारखी थबकायची, मग हिसका देऊन पुढं जायची. प्रत्येक हिसक्याला अंगठीची डबी जाऊबाईंच्या मांडीवरून उडायची आणि मी झेलायची.

रडतखडत तळेगाव गाठलं. तिथं रस्त्याला लागून एक गॅरेज होतं. मिस्त्री म्हातारा, चष्म्याला दोरी बांधलेली. त्यानं घाई केली नाही. घाई आम्हाला होती, सव्वादहा वाजले होते. तो एकेक प्रश्न विचारत बसला.

"गाडी थंडी असली की बरी चालते?"

"हो."

"गरम झाली, का जोरात काढली, तं इंजिन पळते पण चाक नाई पळत?"

"हो ना बापा!"

"गिअर सरकून राह्यला," मिस्त्री म्हणाला. त्यानं बॉनेट उघडून एक लांब पट्टी बाहेर काढली, पुसली, पुन्हा घालून पाहिली. कोरडी. "गिअरबॉक्सचं तेल संपलं हाय. आता इचार हाय का ते गेलं कुठं. बाहेर गळलं असन तं अर्ध्या घंट्याचं काम. आतमधी कुठं गेलं असन तं गिअरबॉक्स खोला लागन. मंग आज गाडी इथंच."

तो दिवा घेऊन गाडीखाली शिरला. पण खाली काय दिसणार! समारंभाला जायचं म्हणून सकाळीच गाडी खालूनवरून घासून धुतली होती. (मी.)

मिस्त्रीनं बाहेर येऊन विचारलं, "घरी गाडी उभी राह्यते, तिथं खाली लाल डाग पडतात काय? हे तेल लालच राह्यते."

"एक डाग नाई!" भासरे छाती काढून म्हणाले. "अंगण पाह्यजा आमचं. आरसा हाय आरसा!"

मी जाऊबाईंच्या मागं सरकले.

कारण डाग पडत होते. लाल. रोज. दिवाळीपासून! मी पहाटे अंगण झाडायला जायची तेव्हा गाडीखाली ताजे लाल थेंब असायचे, आणि मी साबणचुरा टाकून, कोणी उठायच्या आत, खसाखसा घासून टाकायची. का? तर भासऱ्यांनी पंकजच्या लग्नासाठी पान सोडलं होतं. हेडमास्तर मामांना व्यसन चालत नाही, म्हणून जाऊबाईंनी त्यांना देव्हाऱ्यासमोर शपथ घ्यायला लावली होती. मला वाटलं, सुटत नसेल बिचाऱ्यांचं, गाडीआड लपून खातात आणि तिथंच थुंकतात. घरची इज्जत सुनेनं झाकायची नाही तर कोणी! अडीच महिने मी हे पुण्य करत होते आणि मनातल्या मनात स्वतःला शाबासकीही देत होते.

"मंग आतच गेलं," मिस्त्री म्हणाला. "टोचन करून नागपूरले न्या."

तेवढ्यात मामांचा फोन. जाऊबाई रस्त्याच्या कडेला जाऊन "आलोच, आलोच, दिसूनच राह्यलं अमरावती" सांगू लागल्या. हे दुसरी गाडी बघायला चौकात धावले. भासरे शेजारच्या टपरीवर जाऊन आले. म्हणजे माझं म्हणणं पोचवायला कोणी उरलंच नाही! मी जाऊबाईंचा पदर ओढला, त्यांनी हात झटकला. मिस्त्री चष्मा पुसून टोचनवाल्याचा नंबर शोधत होता.

मी डोळे मिटले. "दादाजी, डाग पडतात."

भासऱ्यांनी मागं वळून पाहिलं, कोण बोललं म्हणून. मी! एकवीस वर्षांत त्यांनी माझा आवाज फक्त भांडी पडल्यावर ऐकला होता.

"रोज पडतात. मी पुसते."

भासऱ्यांनी हातानंच विचारलं: का?

"मले वाटलं, तुमच्या पानाचे हायेत."

जाऊबाई फोन कानाला तसाच लावून आमच्याकडे वळल्या. भासऱ्यांचा चेहरा लाल झाला. ते काहीच बोलेनात. बोलणार कसे? तोंडात टपरीवरचं पान होतं! गाल फुगलेला, डोळे मोठे झालेले. शेवटी राहवेना म्हणून ते बाजूला वाकून थुंकले आणि ओरडले, "म्या पान सोडलं हाय!"

गाडीच्या चाकाजवळ ताजा, लालभडक डाग. आम्ही सगळ्यांनी पाहिला.

मिस्त्री एकटाच शांत होता. "वहिनी, तुम्ही पुसत होत्या तो डाग चिकट लागे काय?"

"हो. साबणाबिगर निघत नव्हता."

"वास कसा होता?"

"भासऱ्यांच्या थुंकीचा वास मी कायले घेऊ!" हे माझ्या तोंडून निघालं कसं, मला आजही कळत नाही.

पण मिस्त्रीला पाहिजे ते मिळालं. तो पुन्हा खाली शिरला. तेलाच्या नळीवरची पट्टी ढिली झाली होती. नवी आवळली, वर लाल तेल ओतलं, इंजिन चालू ठेवून ती तेल मोजायची लांब पट्टी पुन्हा पुन्हा बुडवून पाहिली. "साठाच्या वर नेजा नका," म्हणाला. अकराला दहा कमी असताना आम्ही निघालो. वाटेत भासरे कोणाशी बोलले नाहीत आणि जाऊबाई फक्त भासऱ्यांशी बोलल्या. बाराला चार मिनिटं कमी असताना पोचलो. मामा दारात घड्याळ घेऊन उभे होते. बाराच्या ठोक्याला अंगठी बोटात गेली, आणि जाऊबाई भासऱ्यांकडे रागानं बघता बघता रडल्या.

परत निघालो तेव्हा माझी किंमत वाढली होती. गाडीत हे सारखे सांगत होते, "हिनं सांगतलं म्हणून पोचलो." तिवसा मागं टाकलं आणि गाडी दोन आचके देऊन रस्त्यातच थांबली. भासरे मागं वळले आणि थेट मला म्हणाले, "काय झालं असन व?"

मी पदर सावरला. "नळीची पट्टी पुन्हा ढिली झाली असन," मी म्हणाले. "गिअर सरकून राह्यला. तेल पाहा लागन. मिस्त्रीले बलवा." एवढं मी आयुष्यात एका दमात बोलले नव्हते.

मिस्त्री तळेगावहून मोटरसायकलवर आला. त्यानं किल्ली फिरवली, समोर पाहिलं आणि यांना विचारलं, "पेट्रोल कधी टाकलतं?"

सकाळभर ओरडून गाडीनं सगळं पेट्रोल पिऊन टाकलं होतं. हे काट्याकडे बघतच नाहीत. यांच्या टेम्पोचा काटा कित्येक वर्षं बंदच आहे. पण मी यांच्या मागंच बसले होते. तो काटा खाली खाली जाताना मी अमरावतीपासून बघत होते. मला वाटलं, गाडी दुरुस्त झाली, म्हणून आता तो बिचारा निवांत बसला!