टकमक्याची बोली

"डोळ्याला तोंडच नाही, तर हा मेला बोलतो कुठून?" विनता सुभेदारांनी लॅपटॉप पुढे ढकलला आणि चष्मा काढून टेबलावर आपटला. पडद्यावर टरबुजाएवढा एक डोळा हवेत तरंगत होता. हात नाहीत, पाय नाहीत, पापणीसुद्धा नाही. नुसता एकटक पाहत होता.

"तीस वर्षं जीवशास्त्र कोणी शिकवलं? तूच सांग," त्यांचे यजमान रत्नाकरराव पेपरातून मान वर न करता म्हणाले.

जबलपूरच्या मदन महल भागातल्या त्या घरात महिनाभर हेच चाललं होतं. पुण्याच्या एका कंपनीला आपला लढाईचा खेळ मराठीत आणायचा होता. राणी, किल्ले, फौजा. कुठली तुकडी कुठे हलवायची ते खेळणाऱ्याने ठरवायचं. आणि शत्रूच्या फौजेत हा डोळा. ज्याच्याकडे पाहील तो शिपाई जागीच थिजणार. शाळेतून रिटायर झालेल्या विनताबाईंनी चार पानांचा नमुना पाठवला आणि त्या चक्क निवडल्या गेल्या. खेळाच्या शेवटी नाव येणार होतं: मराठी लेखन, विनता सुभेदार.

आता यात एवढं काय, असं म्हणणाऱ्याने जबलपुरात मराठी म्हणून राहून पाहावं! इथले शेजारी म्हणणार, "आप तो महाराष्ट्र के हो." आणि पुण्यात लग्नाला गेलं, की पंगतीतली बाई दोन वाक्यं ऐकून विचारणार, "तुम्ही मूळच्या हिंदी का हो?" सात पिढ्या नर्मदेचं पाणी पिऊन घरात मराठी टिकवली, त्याचं हे फळ. विनताबाईंना त्या प्रश्नाचा मनापासून वीट आला होता. आपली मराठी ही मराठीच आहे, असं एकदा कोणीतरी पुण्यातून म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

म्हणणार कोण, तर सुखदा. ही कंपनीची भाषा तपासणारी. आवाज गोड, शाई लाल.

पहिला खटका नावावरून उडाला. कंपनीने मशीनकडून करून घेतलेलं नाव होतं 'तरंगता नेत्रगोल'. "शत्रू आहे का मोतीबिंदूचं ऑपरेशन?" विनताबाई कडाडल्या. सुखदाने 'नेत्रासुर' सुचवलं. विनताबाईंनी लिहिलं 'टकमक्या'. दहा दिवस मेलामेली झाली. शेवटी ऑफिसातली पोरं आपसांत टकमक्याच म्हणायला लागली, तेव्हा कुठे सुखदाने हात टेकले.

मग संवाद. आधी विनताबाईंनी अगदी पुस्तकी लिहिलं. लिहिता लिहिता नाकी नऊ आले. एक ओळ झाली, की तीनदा वाचायची, आणि वाचलं की आपलंच वाक्य परक्या घरच्या पाहुणीसारखं सावरून बसलेलं. एका दुपारी वैतागून त्यांनी टकमक्याच्या तोंडी घातलं, "काहून पाहून राहिला बे?" आणि स्वतःच खो खो हसल्या. मग हात थांबेचना. राणी भेदरलेल्या फौजेला म्हणाली, "घाबरून काहून राहिले? मी आहे न!" शिपाई बोलले, किल्लेदार बोलला, सगळा खेळ घरच्यासारखा बोलायला लागला. बारा दिवसांत काम संपलं. पाठवताना छाती धडधडत होती, ते त्यांनी रत्नाकररावांना सांगितलं नाही.

उत्तर आलं ते लालेलाल. ओळीओळीला एकच शेरा: हिंदी प्रभाव.

विनताबाईंनी तडक फोन लावला. "हिंदीत 'काहून' कुठे आहे ते दाखवा मला! नागपूर बोलते, अमरावती बोलते, आम्ही बोलतो. ते सगळे काय हिंदी?"

"तसं नाही हो ताई," सुखदा म्हणाली. "बोलतात सगळे. पण लिहीत नाहीत ना कुणी."

"अहो, मी लिहिलं न आत्ता!"

"मी वर विचारते," सुखदा म्हणाली. त्या 'वर'चा विनताबाईंना भयंकर राग आला.

चार दिवसांनी तिचाच फोन. "ताई, अभिनंदन! तुमच्या ओळी ठेवल्यात. ऑफिसात सगळे हसून हसून लोटपोट झाले. खेळाचा नमुना पाठवलाय, बघा."

रत्नाकरराव लगेच चपला घालून बाहेर पडले आणि खव्याची जिलेबी घेऊन आले. "चलो, एकदाचं झालं," म्हणत त्यांनी खुर्ची शेजारी ओढली. विनताबाईंनी खेळ सुरू केला.

राणी बुरुजावर आली. "का घाबरता आहात? मी आहे ना," ती शुद्ध म्हणाली. किल्लेदारही शुद्ध. शिपाई शुद्ध. विनताबाईंच्या कपाळावर आठी पडली. तेवढ्यात टकमक्या तरंगत आला आणि ओरडला, "काहून पाहून राहिला बे?"

"हे तुझं!" रत्नाकरराव हसले.

"घेरा त्याला!" राणी म्हणाली. चहूकडून बाण सुटले. डोळा खाली खाली येत गेला आणि पडता पडता कळवळला, "काहून मारून राहिले रे मला?" मग फौजेने जयजयकार केला.

रत्नाकररावांचं हसू विरलं. विनताबाईंना भयंकर वाईट वाटलं आणि त्याहून भयंकर संताप आला. त्यांनी फोन उचलला.

"सुखदाताई, बाकीच्यांच्या ओळी कुठे गेल्या?"

"त्या प्रमाण मराठीत केल्या. टकमक्याला मात्र ती भाषा अगदी शोभते! तो राक्षस आहे ना."

"आणि राणीला नाही शोभत?"

"राणी अशी बोलली तर लोक हसतील हो."

"राक्षसाला हसले, तेव्हा तुम्हाला चाललं?"

"ताई, तुमचं नाव तर येतंय. मग आता काय हरकत आहे?" सुखदाने खरोखरच न समजून विचारलं.

विनताबाईंनी फोन ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. लॅपटॉप ओढून त्यांनी मेल लिहायला घेतलं. आजवर कंपनीला प्रत्येक मेल त्या दोनदा तपासून, 'कृपया' आणि 'सविनय' घालून पाठवत.

"काय लिहून राहिली?" रत्नाकररावांनी विचारलं. "नाव जाईल न तुझं."

"जाऊ द्या."

त्यांनी लिहिलं: "माझ्या घरी सगळे असेच बोलतात. फक्त मरणाऱ्याच्या तोंडी मी आमची बोली देऊन नाही राहिली. द्यायची असेल तर राणीलाही द्या, नाही तर सगळ्या ओळी माझ्या मला वापस करा." खाली पूर्ण नाव घातलं, विनता रत्नाकर सुभेदार, जबलपूर, आणि एकदाही न तपासता पाठवून दिलं.