शालिनीताईंचा न आवडलेला प्रश्न

शालिनीताई नाडगौडांना मी पहिल्यांदा पाहिले ते अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळात, त्यांच्या व्याख्यानाला. अरब देशांतील स्त्रियांच्या रोजगाराच्या अभ्यासात त्यांनी उमेदीची वर्षे घालवली होती. जॉर्डनमध्ये मुली उत्तम शिकतात, मग नोकरीत का दिसत नाहीत, हे त्या सांगत होत्या. धड बस नाही, पाळणाघर नाही आणि मुलाखतीत पहिला प्रश्न लग्नाचा.

मध्येच एक काका म्हणाले, "त्यांच्यात असंच असतं हो. आपल्याकडे बघा, सगळ्या इंजिनिअर!"

ताईंनी शांतपणे विचारले, "इथे किती जणी इंजिनिअर आहेत? हात वर करा." भराभर हात वर झाले. "आता नोकरी करणाऱ्यांनीच वर ठेवा."

बहुतेक हात खाली आले. माझाही. कुणी व्हिसामुळे थांबली होती, कुणी मुलांमुळे. त्यानंतर मंडळाने ताईंना व्याख्यानाला बोलावले नाही. आता त्यांच्या पंचाहत्तरीचा हा गौरवग्रंथ मात्र मंडळच काढत आहे. संपादक मला म्हणाले, "तो प्रसंग स्किप करा ना, प्लीज." मी केला नाही.

मला वर्क परमिट मिळाल्यावर ताईंनी मला मदतनीस म्हणून घेतले. माझे यजमान म्हणाले, "घरचं कसं मॅनेज होणार?" ताई स्वतः घरी आल्या, चहा घेतला आणि त्यांनाच विचारले, "तुम्हाला जॉब लागला तेव्हा हे कुणी विचारलं होतं?" मी कामाला लागले.

जॉर्डनची राजधानी अम्मान येथे आम्हाला सलमा भेटली. ती पुलांच्या कामावर इंजिनिअर होती. लग्न ठरताच साहेबांनी तिचा राजीनामा घेतला होता. ताईंनी ओळखीच्या प्रत्येकाला गाठून तिला दुसरी नोकरी मिळवून दिली. पण बाळ झाले, त्याला सांभाळायला कुणी मिळेना आणि नवरा एक दिवसही रजा घेईना. सलमा घरी बसली. तिच्यावर आधारलेला ताईंचा निबंध परिषदेत गाजला. टाळ्या थांबल्यावर ताई मला म्हणाल्या, "नाव माझं झालं गं. तिचं काय झालं?"

ताई पुढच्याच महिन्यात पुन्हा अम्मानला गेल्या, सलमासाठी नवीन ठिकाणी शब्द टाकायला. तिथेही नकारच मिळाला.

शालिनीताईंना निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो. हे मी मनापासून लिहिते आहे आणि रागानेही, कारण त्यांच्या कामाला ते आयुष्य सगळेच्या सगळे लागणार आहे.