सहा हंड्यांची बाज

श्रावणात गंगा चढली आणि आमची इंजिनियर्सची तुकडी बनारसला लागली. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी हवालदार, हाताखाली सहा जवान आणि एक बोट. पाचला फॉल-इन, सहाला बोट पाण्यात, अंधार पडेपर्यंत माणसं काढायची.

चौथ्या दिवशी सकाळी नऊला दूधविनायकाच्या देवळाजवळ आमचं मराठी ऐकून एका गल्लीतल्या माडीवरून हाक आली. वेदपाठशाळेचे गुरुजी होते.

"अहो फौजी, सूनबाई अडली आहे! सुईण म्हणते, मूल आडवं आहे. जल्दी करा!"

गल्ली चार फूट रुंद, बोट साडेपाच. आत छातीभर पाणी. मी वायरलेस सेटवर तळावरच्या साहेबांना गाठलं.

"साहेब, अरुंद बोट हवी. ओव्हर."

"नाही. ओव्हर."

"स्ट्रेचर? ओव्हर."

"काल तुम्हीच वाहून घालवलंत. आहे त्यात भागवा. अर्ध्या तासात बाई बोटीत हवी. आउट."

मी चरफडलो. लान्सनायक रणबा पाटील मात्र खूश! "हवालदारसाहेब, स्टोअर भरलेलं असलं की माझं डोकं झोपतं. सगळं नाही म्हटलं की कसं टक्क जागं होतं बघा!" आणि गडी गल्लीत शिरलासुद्धा. मीही त्याच्यामागे.

माडीवर एक बाज होती आणि पंगतीच्या पाण्याचे सहा तांब्याचे हंडे. रिकामे हंडे बाजेखाली उभे बांधले की बाज तरंगणार, हे रणबानं बघताक्षणी ओळखलं. तो हात घालणार, तोच गुरुजी आडवे आले.

"थांबा! सोवळ्यातले आहेत ते!"

माझं टाळकंच सरकलं. सून आत विव्हळतेय आणि ह्यांना सोवळं सुचतंय! पण रणबानं हात जोडले. "गुरुजी, ओलेत्यानं चालतं ना? आम्ही चार दिवस गंगेतच आहोत. आमच्याइतकं ओलेतं अख्ख्या काशीत कोण असेल?"

गुरुजींना हसू फुटलं. "घ्या बाबा, घ्या!" धोतर खोचून तेही पाण्यात उतरले आणि उशाकडचा कोपरा त्यांनी धरला.

नऊ पंचवीसला बाई बोटीत होती. दुपारी सेट बोलला. "मुलगी झाली. दोघी ठीक. आउट." रणबा बोटीत असा नाचला की आम्ही सगळे बुडता बुडता वाचलो.

पुढच्या वर्षी डोंगरात सुरुंग काढताना रणबा गेला.

त्यानंतरच्या पितृपक्षात मी सुटी काढून बनारसला गेलो आणि गुरुजींना सांगितलं. ते मला पंचगंगा घाटावर घेऊन गेले आणि तर्पणाला बसले.

"रणबाच्या वडिलांचं नाव?"

मी सांगितलं.

"गोत्र?"

"ठाऊक नाही, गुरुजी."

"ठाऊक नसलं की काश्यप म्हणायचा रिवाज आहे." त्यांनी ओंजळ भरली. "पण ह्याला आमचंच लावू."

मला रडू आवरेना. गुरुजींनी आपल्या वडिलांचं नाव घेतलं, आजोबांचं घेतलं, पणजोबांचं घेतलं. मग रणबाचं घेतलं आणि ओंजळ सोडली.