गॅलरीची सळई

चार तरुण आर्किटेक्ट जमल्या की डिझाइनवर कुणी बोलत नाही. कुणाचे सर काय म्हणाले, यातच चहा थंड होतो. माझा सगळा साठा नागपुरातल्या एकाच ऑफिसचा आहे.

पहिल्या दिवशी सरांनी माझा थिसिस चाळला. कॉलेजात त्याला पहिलं बक्षीस होतं. म्हणाले, "छान आहे. आता विसर." पुढचे सहा महिने मी फक्त संडासांचे डिटेल काढले.

*

चौथ्या वर्षी बेसा रोडच्या एका बंगल्याचा अख्खा प्लॅन मी केला. क्लायंटचे वडील आले तेव्हा सरांनी तो स्वतःचा म्हणून समजावला, पोरीनं नुसता उतरवला म्हणे. वडील कौतुकानं मला म्हणाले, "अक्षर चांगलं आहे वं तुझं."

प्लॅन कॉम्प्युटरवर काढलेला होता! तेव्हापासून ड्रॉइंगवर माझं नाव टाका म्हणून मी सरांशी रोज भांडायचे, साइटवर मजुरांसमोरसुद्धा.

*

त्याच बंगल्याची गॅलरी. बाहेर लटकणाऱ्या गॅलरीत मुख्य सळई स्लॅबच्या वरच्या अंगाला लागते. खाली गेली तर नसल्यातच जमा. काँक्रीट टाकायच्या सकाळी बघते तर मजुरांच्या पायांनी जाळी दबून तळाला टेकलेली. देविदास मिस्त्रीला म्हटलं, उचलून घ्या. खापा गावचा माणूस, हसला. "मॅडम, तुमच्या जन्माआधीपासून सळ्या बांधून राहिलो मी."

सरांना फोन लावला. मिक्सर उभा आहे, मोठ्या माणसाशी वाद घालू नको, म्हणाले.

मी गप्प बसले. काँक्रीट पडलं.

*

तीन आठवड्यांनी टेकू काढले आणि गॅलरी खाली आली. टेकू काढणारा देविदासच होता. त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

त्या दुपारी सरांनी ड्रॉइंग नव्यानं प्रिंट केलं. 'तपासले'च्या पुढे माझं नाव. चार वर्षांत पहिल्यांदा! हे काय, विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "तुलाच तर नाव पाहिजे होतं ना?"

शीट फाडली, नोकरी सोडली, पोलिसांना फोनसकट सगळं सांगितलं. पोरगी उद्धट आहे, हे सरांनी गावभर केलं.

*

गेल्या महिन्यात एका शटरच्या गाळ्यात स्वतःचं ऑफिस उघडलं. उद्घाटनाला आई-बाबा, दोन मैत्रिणी, आणि न बोलावता देविदास मिस्त्री, कुबडीवर. मी खुर्ची दिली, पेढा दिला. राहवलं नाही म्हणून म्हटलं, मिस्त्री, मी तुम्हाला सांगितलं होतं.

"सांगतलं. एक डाव."

त्यानं पेढा अर्धा खाल्ला.

"सरासंग तं तुम्ही रोज भांडत होत्या, मॅडम. त्या दिवशी काहून नाही भांडल्या?"