फुलवंताबाईचे दोन गंज

गोंदियात रेल्वे लाइनीच्या पलीकडे, एका जुन्या राइस मिलच्या मागे हा मोहल्ला आहे. पवार, छत्तीसगढी, सिंधी, बौद्ध, मुसलमान, दोन-चार अग्रवाल, सगळे एकाच बोळात राहतात आणि एकाच नळावर भांडतात. पण बाहेरचा कोणी आला की साऱ्यांची छाती सारखीच फुगते. आणि कशावरून, तर भांड्यांवरून! बाकीचे मोहल्ले कार्याला टेंट हाउसची भांडी आणतात. यांची स्वतःची आहेत. घरोघरी वर्गणी काढून घेतलेल्या कढया, झारे, पराती आणि दोन थोरले गंज. गंज म्हणजे एखादं पोर आत बसवून आंघोळ घालावी एवढं पातेलं. एक सादा, म्हणजे शाकाहारी, एक मटणाचा. दोघे जुळ्या भावांसारखे दिसतात, म्हणून साद्याच्या कडीला पिवळी चिंधी असते आणि मटणाच्या कडीला काळी.

ही सगळी भांडी फुलवंताबाई बन्सोड यांच्या पडवीत असतात. भांडी घेतली तेव्हा ती कुणाच्या घरी ठेवायची यावर बरीच चर्चा झाली होती. फुलवंताबाईचं नाव निघताच कुणीतरी पुटपुटलं, ‘‘तिच्याच घरी कायले?’’ बौद्धाच्या घराबद्दल निघालेल्या या ‘कायले’चा अर्थ आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तेव्हा शकुंतलाबाई अग्रवाल बोलल्या, ‘‘उसका आँगन देखा है कभी? बर्तन वहीं रहेंगे.’’ विषय मिटला. या शकुंतलाबाई म्हणजे कांदा-लसणाला न शिवणारी, परक्या घरी पाणीही न पिणारी म्हातारी. पण मोहल्ल्याच्या भंडाऱ्याला त्या पंगतीत बसून जेवतात, त्या पिवळ्या चिंधीच्या भरवशावर.

फुलवंताबाई जन्माचीच घोर लावून घेणारी बाई. मुलगा नीलेश तिरोड्याच्या पॉवर प्लांटमध्ये कामाला. त्याची बस जरा चुकली की ही दारात उभी. गॅस बंद केला की पुन्हा एकदा बंद करायची. सून खुशबू हसायची, ‘‘आई, तुम्ही तर गणपतीलेही विचारान, नीट बसला का म्हणून!’’ पण भांड्यांच्या बाबतीत तिचा घोर मोहल्ल्याच्या कामी यायचा. घासताना चिंध्या सोडायच्या, सादा गंज भिंतीकडे पालथा घालायचा, मटणाचा दाराकडे, सुकले की नव्या चिंध्या बांधायच्या. तो शिरस्ता कधी मोडला नव्हता.

या चैत्रात हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी बोळातल्या केवळरामच्या नातवाची छठी होती, सहाव्या दिवसाचा सोहळा. दोन्ही गंज गेले, एकात वरण झालं, दुसऱ्यात मटण. घासून आले, पालथे पडले, सकाळी फुलवंताबाईनं जागा पाहून चिंध्या बांधल्या, आणि पिवळ्या चिंधीचा गंज भंडाऱ्याच्या खिरीसाठी मंडपात रवाना झाला.

दुपारी उरलेला गंज आत सरकवताना फुलवंताबाईच्या हाताला बुडाशी पोचा लागला. ती जागीच थबकली. पोचा साद्या गंजाला होता! एकदा हातगाडीवरून रुळाजवळ पडला होता तो, तेव्हाचा. आणि समोरच्या गंजाच्या कडीला तर काळी चिंधी होती.

‘‘खुशबू! हे गंज कोणं हलवले वं?’’

‘‘मीच, काल सांजच्याले. ऊन लागून राहिलं नव्हतं म्हणून उचलून इकडचे तिकडे केले. काऊन?’’

मंडपात वाढायला निघालेली खीर शिजली होती ती मटणाच्या गंजात. गंज राखेनं घासलेला, लख्ख, वासाचं नावही नाही. न सांगितलं तर ब्रह्मदेवालाही कळणार नाही. सांगितलं तर? तेच ‘कायले’ पुन्हा निघेल, आणि या वेळी पुटपुटत नाही निघणार. भांडी जातील. खुशबूचं नाव निघेल. आणि न सांगितलं तर शकुंतलाबाई दोन्ही हातांनी द्रोण उचलतील आणि ओठाला लावतील. हे चित्र डोळ्यांपुढे आलं मात्र, तिनं पायात चपलाही न घालता मंडप गाठला.

मंडळाचा अध्यक्ष भुपेंद्र माइकवर ‘आपल्या मोहल्ल्याची एकता’ सांगत होता. ती त्याला बाजूला घेऊन सारं बोलली. त्याचा चेहरा पडला.

‘‘काकू, चूप राहा. घासला हाये ना? पंगत बसली. आता बोलाल तर सगळ्या मोहल्ल्याची इज्जत जाईन. तुमचीच पहिले जाईन.’’

खरंच होतं त्याचं. आता गुपित दोघांचं झालं होतं. तिनं पंगतीकडे पाहिलं. पोरं खिरीचे द्रोण घेऊन निघाली होती आणि शकुंतलाबाई पहिल्याच ओळीत पदर सावरून बसल्या होत्या. द्रोण समोर आला. त्यांनी हात पुढे केला.

‘‘अम्मा, नोका खाऊ जी!’’ फुलवंताबाई जवळजवळ ओरडलीच. ‘‘खीर मटणाच्या गंजात शिजली. माह्या हातून चूक झाली, पोचा न पाहताच चिंधी बांधली.’’

पंगतीत कुजबुज सुरू झाली, आणि मागच्या ओळीतून ते आलंच: ‘‘तवाच म्हटलं होतं...’’

भुपेंद्रचा नाइलाज झाला. माइकवर जाऊन तो म्हणाला, ‘‘ज्यांना चालते त्यांनीच खीर घ्या, बाकीच्यांनी पुरी-भाजी.’’ आणि मग मोठीच पंचाईत झाली. खीर घेतली की मटण खातो हे चारचौघांत कबूल केल्यासारखं! गळ्यात तुळशीची कंठी घातलेल्या दुलीचंदनं द्रोणावर हात आडवा धरला. कालच केवळरामकडे हाच गंज चाटूनपुसून साफ करणाऱ्यांत तो पुढे होता. त्याची नजर मात्र खिरीवरून हलेना. एक-दोघांना हसू फुटलं. फुलवंताबाईला ते ऐकूही आलं नाही. ती शकुंतलाबाईंच्या तोंडाकडे पाहत होती.

‘‘पहले कभी हुआ था ऐसा?’’ म्हातारीनं विचारलं.

‘‘नाही जी. कधीच नाही.’’

म्हातारी म्हणाली, ‘‘तू चुप रहती तो मुझे पता भी नहीं चलता. आज बता दिया, तो इतने साल जो खाया, वो सब ठीक था, ये पक्का हुआ.’’ मग तिनं द्रोण बाजूला सारला. पत्रावळ सारली नाही. ‘‘खीर ले जा. पूड़ी ला, गरम. और आगे से चिंधी पोचा देखके बाँधना.’’

मागच्या ओळीतला आवाज बंद झाला. संपला की फक्त थांबला, हे फुलवंताबाईला कळेना, आणि पुढचे कित्येक दिवस ती त्याचाच घोर करणार होती. तिनं परातीतली पुरी घेतली. नजर मागच्या ओळीकडे होती, पुरी पत्रावळीवर न पडता बाहेर सतरंजीवर पडली. तिला वाटलं, झालं, आता उठतील.

परक्या घरी पाणी न पिणाऱ्या शकुंतलाबाईंनी सतरंजीवरची पुरी उचलली, फुंकर मारली आणि खायला घेतली.