मोगोत्सीमामांची विंच

माऊन गावात ओतेंगला न ओळखणारा माणूस म्हणजे एकतर कालच विमानातून उतरलेला पर्यटक, नाहीतर ज्याची गाडी अजून एकदाही चिखलात रुतलेली नाही असा भाग्यवान. काटेरी बाभळीखाली त्याचं वर्कशॉप. छप्पर झाडाचं, भिंती वाऱ्याच्या, आणि मधोमध जमिनीत रुतून उभं एक वाळकं खोड, लोखंडाशी भांडण काढील अशा लाकडाचं. रुतलेली गाडी तार गुंडाळत ओढून काढणारी विंच ओतेंगने बसवली, की या खोडाला तार बांधून ओढून बघितल्याशिवाय ती अंगणाबाहेर जात नसे.

"विंच गाडी ओढत नाही," तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, "बोल्ट ओढतात. विंच नुसता आवाज करते."

त्रेचाळीस वर्षांचा हा माणूस अख्ख्या गावाला तोंडावर 'नाही' म्हणायचा. अपवाद एकच, आईचा धाकटा भाऊ, मोगोत्सीमामा. मामाला भाच्याने नाही म्हणायचं नसतं. भाच्याच्या लग्नाची बोलणी मामा करतो, घरात बैल कापला की त्याचं डोकं मामाकडे जातं. मोगोत्सीमामांनी आजवर इतक्या बैलांची डोकी खाल्ली होती, की बैल नसेल त्या दिवशी ते भाच्याचं खात.

आणि लग्न तर अडलं होतं ओतेंगचंच. मुलगी ओनालेन्ना, नदीपलीकडच्या गावात शाळामास्तरीण. मुलाकडच्यांनी उजाडायच्या आत तिच्या दाराशी जाऊन "पाण्याचा भोपळा मागायला आलोय" म्हणायचं, म्हणजे मुलगी मागायची, अशी रीत. गेल्या वर्षी मामांची पिकअप पुराच्या ओढ्यात बसली आणि मंडळी पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. मुलीच्या मामाने फाटक न उघडताच सांगितलं, "तहानलेला माणूस पहाटे येतो. पुढच्या खेपेला उशीर केलात तर आमच्याकडचं पाणी संपलं म्हणून समजा." नवऱ्या मुलाने बोलणीला बरोबर जायचं नाही, हीही रीतच. म्हणजे संसार ओतेंगचा आणि स्टिअरिंग मामांच्या हातात.

आता पुन्हा जुलै आला होता, ओढे भरले होते, शनिवारची पहाट ठरली होती. शुक्रवारी सकाळी मामा नवीकोरी विंच घेऊन हजर झाले. पिकअपच्या तोंडावर त्यांनी आधीच एक चकचकीत नळ्यांचा गार्ड लावून आणला होता. त्यात तोंड पाहून दाढी करता आली असती.

"बसव यावर," मामा म्हणाले. "वर, मधोमध. सोयऱ्यांना लांबून दिसली पाहिजे."

ओतेंगने गार्डवर टिचकी मारली. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. खाली वाकून पाहिलं, तर सगळा थाट बंपरच्या पातळ पत्र्याला चार बोल्टांवर लोंबकळत होता.

"मामा, हा शोभेचा आहे."

"मग? लग्नाला काय अवकळेचा नेऊ?"

"तसं नव्हे. विंच चासीला, गाडीच्या सांगाड्याला बसवावी लागते. मधे जाड प्लेट घालून. नाहीतर ओढताना..."

"ओतेंग, तू पाळण्यात होतास तेव्हापासून मी गाडी चालवतोय."

'आणि तेव्हापासून रुतवताय,' हे वाक्य ओतेंगच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं. त्याने ते आवंढ्याबरोबर गिळलं आणि राग पाना आपटून काढला. पाना त्याच्याच पायावर पडला. मग तो लंगडत, पुटपुटत, कधी आभाळाकडे तर कधी बोल्टांकडे बघत कामाला लागला आणि तासाभरात विंच मामांच्या हुकुमाप्रमाणे गार्डवर जाऊन बसली. फडताळावर कोंबडी बसावी तशी.

बाजूला खुर्चीत बसून ओतेंगची आई शेंगा सोलत होती. सोलता सोलता तिचा एक डोळा विंचेवर होता.

"झालं?" मामांनी किल्ली मागितली.

"झालं," आई म्हणाली. "आता खोडाला बांध."

"ताई, घरच्या माणसाची कसली परीक्षा घेतेस?"

"मोगोत्सी, तुला मी पाठीवर बांधून वाढवलंय. परीक्षा कधी घ्यायची ते मला सांगू नकोस."

ताईपुढे मामांचं काही चालत नसे. ओतेंगने चाकांना दगड लावले, तार खोडाला अडकवली. तार तुटली तर चाबकासारखी उडू नये म्हणून तिच्यावर काहीतरी जड टाकावं लागतं. तो गोणपाट शोधायला वळला, तेवढ्यात आईने खुर्चीच्या पाठीवरचा कोट उचलून तारेवर टाकला. मामांचा. बोलणीला घालायचा.

"ताई!"

"तुझा विश्वास आहे ना गार्डवर? मग कोटाला काय होतंय? चला, सगळे झाडामागे."

ओतेंगने लांबून बटण दाबलं. विंच गुरगुरली, तार ताठ झाली, गार्डने एकदा नम्रपणे मान लववली आणि मग करकरत, पत्र्याचा लचका तोडत, विंचेला कडेवर घेऊन तो खोडाच्या भेटीला निघून गेला. मागे पिकअप जागच्या जागी उभी, पुढचे दात पडलेल्या म्हातारीसारखी. धुळीत मामांचा कोट, त्यावर ग्रीसचा रुंद पट्टा.

ओतेंगने कोट उचलून मामांच्या हातात दिला. मामा रुसून घरी गेले, तर उद्या भोपळा मागायला जाणार कोण?

मामांनी कोट झटकला, घसा खाकरला आणि म्हणाले, "बघितलंस, ओतेंग? तरी मी म्हणत होतो, गार्डवर भरवसा ठेवू नकोस."

ओतेंगने दोन्ही हातांनी डोकं धरलं. पण तोंडातून शब्द निघाला तो "हो, मामा" एवढाच.

दुपारभर त्याने काम केलं. आठ मिलिमीटरची प्लेट चासीच्या दोन्ही दांड्यांना जोडली. चासी आतून पोकळ, बोल्ट आवळताना चेपू नये म्हणून प्रत्येक भोकात नळीचा तुकडा घातला. बोल्ट डोक्यावर ताकदीचा आकडा कोरलेले, भक्कम. या खेपेला खोडानेच किंचित कुरकुर केली, विंच तसूभर हलली नाही. वाकलेला गार्ड ठोकून सरळ करून त्याने पुढे तोरणासारखा बांधला. मामांना तेवढं पुरलं.

शनिवारी सकाळी ओतेंग फोन हातात धरून खोडाला टेकून बसला होता. सात वाजता फोन वाजला.

"अंधारातच पोचलो!" मामा ओरडले. "ओढ्यात रुतलो, तर मी असं बटण दाबलं, अशी गाडी वर! हो म्हणालेत रे, पाणी देतायत! कोटावर हा डाग कसला म्हणून विचारलं, तर मी विंचेने गाडी कशी ओढली ती सगळी हकिगत सांगितली. मुलीचे मामा एकदम खूश. त्यांची एकच अट आहे."

"कसली?" ओतेंग उठून उभा राहिला.

"त्यांच्या गाडीलाही तू विंच बसवायचीस. पण चासीला बिसीला नको म्हणतात. गार्डवर, मधोमध. लांबून दिसली पाहिजे."

ओतेंगने फोन खाली ठेवला. खोडाकडे पाहिलं. मग घराकडे तोंड करून ओरडला, "आई, तुझी खुर्ची बाहेरच राहू दे, आणखी एक कोट येतोय!"